पाळीव कुत्र्याचा चावा : मालकाचे कायदेशीर दायित्व

पाळीव कुत्रा माणसाला चावला किंवा त्याने अंगावर झेप घेऊन इजा केली, तर ती इजा निस्तरण्याची जी जबाबदारी कायदा कुत्रा पाळणाऱ्यावर टाकतो, ती. तिची दोन अंगे आहेत. फौजदारी अंगात निष्काळजीपणाबद्दल कैद किंवा दंड होतो. दिवाणी अंगात जखमी माणसाला भरपाई मिळते. जनावराला कायदा कळत नाही, त्यामुळे खटला शेवटी साखळी धरणाऱ्या हातापाशी येतो. कुत्रा कसा आहे हे त्याला ठाऊक होते का, आणि ठाऊक असून त्याने काय केले?

हा प्रश्न आजचा नाही. दात किंवा शिंगे असलेल्या जनावराच्या तावडीत सापडलेल्या माणसाला मालकाने शक्य असूनही सोडवले नाही, तर याज्ञवल्क्यस्मृती त्याला प्रथम साहस, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा दंड सांगते. तो माणूस मदतीसाठी ओरडत असेल तर दंड दुप्पट. ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याला जास्त शिक्षा, हा त्यातला हिशेब. रोमन कायद्याची रीत अगदी वेगळी होती : मालकाने नुकसान भरून द्यावे, नाहीतर जनावरच फिर्यादीच्या हवाली करावे.

इंग्लंडच्या न्यायालयांनी पुढे मालकाच्या पूर्वकल्पनेवर भर दिला. कुत्रा आधी कोणाला चावला असेल किंवा अंगावर धावून गेला असेल, तर मालकाला त्याच्या स्वभावाची कल्पना होती असे धरले जाई. या नियमाला लोक ‘पहिला चावा माफ’ म्हणत. नियम इतका ढोबळ नव्हता, पण जखमी माणसाला पुरावा गोळा करताना नाकीनऊ येत हे खरे. ब्रिटनच्या १९७१च्या प्राणी कायद्यातही पाळीव जनावराच्या विशिष्ट स्वभावाची मालकाला माहिती असणे ही अट टिकून आहे. कॅलिफोर्नियाने ती काढून टाकली. तिथे सार्वजनिक जागी, किंवा खासगी जागेत रीतसर आलेल्या माणसाला कुत्रा चावला, तर तो पहिलाच चावा असला तरी मालक भरपाईला बांधील असतो.

याच राज्यातला ‘पीपल विरुद्ध नॉलर’ हा खटला या विषयात सर्वांत टोकाचा ठरावा. जानेवारी २००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका इमारतीत प्रेसा कॅनारिओ जातीच्या कुत्र्यांच्या हल्ल्यात शेजारीण मरण पावली. ही कुत्री धोकादायक आहेत, असे एका पशुवैद्याने आधीच पत्राने कळवले होते. कुत्री सांभाळणारी बाई स्वतः वकील होती. तिच्यावरचा खुनाचा ठपका वरच्या न्यायालयांतून फिरून २००८मध्ये पुन्हा कायम झाला आणि तिला पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

भारतात कुत्र्याच्या चाव्यासाठी वेगळा कायदा नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ सर्वच जनावरांना लागू होते : सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ने घेतली आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. हजाराचे पाच हजार व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली! कलमाची भाषा मात्र नीट वाचण्यासारखी आहे. त्यात मालकी नव्हे तर ताबा महत्त्वाचा. म्हणून कुत्र्याला फिरवायला नेणारा नोकरही त्यात सापडू शकतो. शिवाय जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असली पाहिजे, त्यामुळे कुत्र्याचा आकार आणि त्याचा पूर्वेतिहास यांवर वकिलांचा बराच वेळ जातो. निष्काळजीपणे दुखापत करण्याचे कलम सहसा जोडीला लावले जाते. चाव्याने मृत्यू ओढवला, तर निष्काळजीपणे मृत्यूस कारण होण्याचे कलम लागू शकते. नव्या संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

मुंबईतील एक निकाल बोलका आहे. २०१०मध्ये नेपियन सी रोडवर मालमत्तेच्या वादातून दोन नातेवाईक रस्त्यात भांडत होते. एकाच्या गाडीत रॉटवायलर भुंकत होता. दार उघडू नका, असे समोरचे ७२ वर्षांचे गृहस्थ सांगत असतानाही दार उघडले गेले आणि कुत्रा त्यांना चावला. दंडाधिकारी न्यायालयाने २०२३मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. याज्ञवल्क्याचा ‘ओरडत असेल तर दुप्पट’ हा नियम इथे नेमका बसला असता. निकालाला लागलेली तेरा वर्षे मात्र कोणत्याच स्मृतीत बसत नाहीत.

‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी लावून सुटका होते, हा सार्वत्रिक समज भाबडा आहे. पाटीमुळे पाहुण्याला धोक्याची सूचना मिळते, पण कुत्रा चावरा असल्याचे मालकाला ठाऊक होते, हेही तीच पाटी सांगते.

जातीवर बंदी घालण्याचा मार्गही चाचपला गेला. ब्रिटनने १९९१मध्ये पिट बुल टेरियरसह चार प्रकारांवर निर्बंध आणले. भारतात केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये २३ जातींच्या आयात, पैदास आणि विक्रीला मनाई करणारे परिपत्रक काढले. संबंधितांशी सल्लामसलत झाली नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले.

भरपाईचा मामला सर्वांत कच्चा आहे. पाळीव कुत्र्याच्या चाव्यासाठी दर ठरवणारा कायदा नाही, दिवाणी दावा लावून उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी सिद्ध करावी लागते. भटक्या कुत्र्यांबाबत पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये दरच ठरवून दिला : दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये, आणि ते सरकारने द्यायचे.