गॅसवर चालणारा फ्रिज

मंडळी, ‘इंडक्शन घेऊ की गॅसच बरा?’ असं तुम्ही मला सारखं विचारता. सांगतो, पण आधी एका फ्रिजची गोष्ट.

१९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ज्योतीवर चालणारा फ्रिज बनवला. हो, आगीवर गारवा! ज्योतीने पाण्यातला अमोनिया वाफ होऊन निघतो, थंड होऊन द्रव होतो आणि पुन्हा उडताना आतली उष्णता ओढून घेतो. मोटर नाही, म्हणून आवाज नाही, बिघडायलाही फारसं काही नाही. अमेरिकेत सर्व्हेल कंपनी तो विकायची. गॅस स्वस्त तिथे परवडायचाही.

मग हरला कसा? १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने विजेचा ‘मॉनिटर टॉप’ आणला. ही कंपनी वीजकेंद्रांची यंत्रंही बनवायची. फ्रिज रात्रंदिवस वीज खाणार, म्हणजे तिचा दोन्हीकडून धंदा! जाहिरातींवर पैसा ओतला. सर्व्हेलचा खिसा तेवढा मोठा नव्हता. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी हे मांडलंय आणि मला ते पटतं. फ्रिज कुठला खपणार, हे गिऱ्हाइकाच्या बिलावरून ठरलंच नाही.

आता तुमचं बिल. १४.२ किलोच्या सिलिंडरवर होणारा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १३० ते १४५ युनिटांत होतो. त्याला तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग स्लॅबच्या दराने गुणा, कारण वाढीव युनिटं तिथेच जाऊन पडतात. मग सिलिंडरचा भाव बघा.