घरगुती संगणकाचा ताप

कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळ चालू असतांना पाक तयार झाला, कीं गुळव्या तो काहिलींत क्षणभरही अधिक राहूं देत नाहीं. काहील चुलवणावरून उतरते आणि पाक रुंद, उथळ वाफ्यांत ओतला जातो. खोल भांड्यांत कोंडलेली उष्णता पृष्ठभाग वाढतांच हवेच्या स्वाधीन होते, हें त्यास कोणत्याही पाठ्यपुस्तकानें शिकविलेलें नसतें. संगणकाच्या इतिहासांतही याच नियमाचा आश्रय पदोपदीं करावा लागला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार झालेला संगणक १९६० सालीं काम करूं लागला. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळींतील तार तापल्यावांचून नळी काम करीत नसे. म्हणजे उष्णता ही तेथें कार्याची अपरिहार्य अटच होती. पुढें ट्रान्झिस्टर आला, त्यामागून करंगळीएवढी चिप आली आणि ती तापती तार नाहींशी झाली. उष्णता मात्र गेली नाहीं. ती लहानशा जागेंत येऊन बसली.

ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीनें एप्रिल १९८२ मध्यें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक विक्रीस काढला. त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही पुढील आवृत्ति १९८६ मध्यें परवान्याखालीं भारतांतही निघाली. घरच्या दूरदर्शन संचास जोडावयाच्या या यंत्राचा 'झेड८०' जातीचा प्रोसेसर सेकंदास ३५ लाख स्पंदनांच्या गतीनें चाले. यंत्रांत पंखा नव्हता. इंग्लंडच्या थंड हवेंत तो नसला तरी चालण्यासारखें होतें. परंतु वैशाखांतील दुपारीं खोलीचेंच तपमान ३५ अंशांपलीकडे गेल्यावर त्या बंद प्लॅस्टिकच्या पेटींत काय होत असेल, याची कल्पना सहज करतां येईल.

असें जुनें यंत्र तापूं लागलें, कीं प्रथम संशय प्रोसेसरवर जातो व त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पंखेदार पट्टी, म्हणजे हीट सिंक, चिकटविण्यांत येते. पेटी उघडून पाहणाऱ्यास निराळेंच दिसतें. प्रोसेसर बहुधा कोमट असतो. अधिक तापतात ते त्याचे दोन शेजारी: एक पडद्यावरील चित्र उमटविणारी 'यूएलए' ही चिप आणि दुसरा वीजदाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर. बाहेरून ९ व्होल्ट येतात, चिपांस ५ हवे असतात. उरलेले ४ हा जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर उष्णतेच्या रूपानें जाळून टाकतो. आंबा घाट उतरतांना गाडीवानानें ब्रेक सारखा दाबून धरावा आणि चाकें तापावींत, तसाच हा प्रकार. प्रवाह १ अँपिअर असेल, तर ४ वॅट उष्णता केवळ या एका तुकड्यांतून पेटींत पसरते व प्रोसेसरही तींत होरपळतो.

यावर उपाय दोन. पहिला, रेग्युलेटरला मोठी पट्टी व यूएलएला छोटी पट्टी लावणें. हा वाफ्याचा उपाय होय; परंतु पेटी बंद असल्यामुळें उष्णता एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणीं जाते, इतकेंच. दुसरा, त्याच तीन पायांच्या जागीं बसणारा आधुनिक स्विचिंग रेग्युलेटर बसविणें. तो जादा दाब जाळीत नाहीं. वीज अतिशय वेगानें चालू-बंद करून हवी तेवढीच पुढें सोडतो. त्यामुळें ४ वॅटचा अपव्यय अर्ध्या वॅटच्या आसपास येतो. १९८४ पासून सरकारच्या 'क्लास' योजनेखालीं भारतांतील सुमारें २५० शाळांत गेलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाचा इतिहासही हेंच सांगतो. त्याच्या आरंभींच्या यंत्रांतील जुन्या धर्तीचा वीजपुरवठा निर्मात्यांनीं लवकरच काढून त्या जागीं स्विचिंग पद्धतीचा घातला.

जुन्या वस्तूंतील मूळ भाग काढणें म्हणजे तिचें ऐतिहासिक मोल घालविणें, असा आक्षेप कांहीं जाणते घेतात. तो निराधार नाहीं. पण मूळ यूएलए चिप आतां कोठेंही तयार होत नाहीं. ती जळली, तर दुसरें मृत यंत्र शोधून त्यांतून काढावी लागते. शिवाय तपमान १० अंशांनीं उतरलें, तर विजेचा सांठा करणाऱ्या कपॅसिटरांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, असा ठोकताळा आहे. तेव्हां पेटीस भोंक न पाडतां, पट्टी निघूं शकेल अशी लावून आणि काढलेला रेग्युलेटर चिठ्ठीसह पुडींत जपून ठेवून केलेली दुरुस्ती इतिहासाची हानि करीत नाहीं.

ज्या घरांत एखाद्या मुलानें प्रथम संगणकास आज्ञा दिली, त्या घरांतील असें यंत्र आज माळ्यावर पडलें असेल. तें पुन्हां चालू करणारानें गुळव्याची दुसरी सावधगिरीही ध्यानीं घ्यावी. चुलवणांत चिपाड जास्त पडलें आणि पाक करपला, तर वाफा कितीही रुंद असून गूळ सुधारत नाहीं. म्हणून गुळव्याची नजर आधीं जाळावर असते, मग वाफ्यावर.