तबकडीत मावलेला शाहीर

आमच्या यवतमाळकडच्या दंडारीप्रमाणे शाहिरीही समोरच्या श्रोत्यांच्या भरवशावर वाढणारी कला आहे. मैफल रंगली की कडवे लांबते, मध्येच गद्य येते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू मात्र तीन-साडेतीन मिनिटांत संपे. मग शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांच्या ध्वनिमुद्रणांतून आपल्या हाती नेमके काय लागते?

१९६६च्या ‘आंधळं दळतंय’ या मुक्तनाट्यात त्यांनी मुंबईत मागे पडलेल्या मराठी माणसाची व्यथा मांडली. तिच्यातला उपहास संवादांतून फुलणारा. गाण्याच्या तबकडीत तो मावणे कठीणच. तिथे उरला तो खडा, फेकीचा आवाज. त्याच आवाजाने राजा बढे (हे नागपूरचे, आम्ही आवर्जून सांगतो) यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ श्रीनिवास खळे यांच्या चालीत घरोघर नेले. २०२३ मध्ये, शाहिरांच्या जन्मशताब्दीच्याच वर्षी, ते राज्यगीत झाले. तेही तीनांपैकी दोनच कडव्यांचे, १ मिनिट ४१ सेकंदांचे. व्यथा सांगणारा शाहीर मागे राहिला आणि गौरव गाणारा तेवढा टिकला, असे आम्हांला वाटते.

आमच्यापैकी बहुतेकांनी साबळे प्रथम ऐकले तेही असेच, १ मेच्या सकाळी, झेंडावंदनानंतर, भोंग्यातून.