पिकअप गाडीचे सस्पेन्शन : गाडी मऊ चालण्यासाठीच्या सुधारणा

पिकअप गाडीची चाके आणि चासी यांच्या मध्ये राहून रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. पाटे किंवा स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, शॅकल आणि रबरी बुश हे तिचे मुख्य भाग; धक्का झेलण्यात टायरचाही मोठा वाटा असतो. हौद्यात माल भरलेला असताना संथ चालणारी गाडी रिकामी परतताना मागून उड्या मारते, हा चालकांचा नेहमीचा अनुभव आहे. याचे मूळ सहसा बिघाडात नसून रचनेत असते. मागचे पाटे पूर्ण भाराला पुरतील एवढे ताठ ठेवलेले असतात आणि रिकाम्या गाडीचे वजन त्यांना वाकवायला अपुरे पडते. त्यामुळे कोणतीही सुधारणा गाडी प्रत्यक्षात किती आणि किती वेळा ओझे वाहते, या हिशेबापासून सुरू होते.

रचना : बहुतेक पिकअप गाड्यांना मागे अखंड आस आणि त्यावर लांबीच्या दिशेने बसवलेले पाट्यांचे दोन संच असतात. संचातील पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि यू-बोल्टने आसाला आवळलेले असतात. मुख्य पाट्याचे एक टोक चासीला पिनने जोडलेले असते, तर दुसरे झुलत्या शॅकलला. भार पडला की पाटा सपाट होऊन लांबतो आणि शॅकल तेवढा मागे झुकतो. पाटे भार पेलतातच, शिवाय आस जागेवर धरून ठेवतात आणि ब्रेक व इंजिन यांचे जोरही सोसतात. कमी भागांत इतकी कामे होत असल्याने ही रचना स्वस्त, दणकट आणि गावातल्या गॅरेजमध्येही दुरुस्त होण्याजोगी ठरली आहे.

इतिहास : इंग्लंडमध्ये ओबाडिया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग आणली. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी या मोटारीला कारखान्यातच हौदा बसवून ती पिकअप म्हणून विकली; तिला आडवे पाटे होते. अमेरिकेत शेव्हरोलेने १९६० पासून काही हलक्या ट्रकना मागे कॉइल स्प्रिंगा दिल्या, आणि २००९ च्या डॉज रॅम १५०० ने हीच वाट पुन्हा धरली. भारतात टाटांची टाटामोबाइल १९८८ मध्ये आली. महिंद्र बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझु डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स या गाड्यांच्या मागच्या बाजूला आजही पाटेच आढळतात.

दणक्यांचे गणित : स्प्रिंगवर तोललेली गाडी एका सेकंदात किती वेळा खालीवर होते, ते तिच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबली आहे यावरून काढता येते. दबलेल्या अंतराच्या, सेंटिमीटरमधील, वर्गमुळाने ५ ला भागले की हर्ट्‌झमधील वारंवारता मिळते. समजा, मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचे ४०० किलो आणि भरलेल्या गाडीचे १,६०० किलो येतात व पूर्ण भाराखाली पाटे १६ सेंटिमीटर दबतात. मग भरलेल्या गाडीची वारंवारता १.२५ हर्ट्‌झ येते, म्हणजे एखाद्या चांगल्या मोटारीइतकी. रिकामी असताना तेच पाटे केवळ ४ सेंटिमीटर दबतात आणि वारंवारता २.५ हर्ट्‌झवर जाते. माणसाचे शरीर ४ ते ८ हर्ट्‌झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. त्यामुळे गाडी या पट्ट्याच्या जितकी जवळ सरकते, तितका थकवा वाढतो.

पाट्यांमधील घर्षण ही दुसरी अडचण आहे. एकावर एक दाबलेल्या पाट्यांना वाकताना एकमेकांवर सरकावे लागते. छोट्या खड्ड्याचा धक्का हे घर्षण मोडू शकला नाही, तर पूर्ण संच एकसंध लोखंडासारखा वागतो आणि धक्का थेट चासीत उतरतो. पाट्यांच्या फटींतून तांबूस भुकटी झडत असेल, तर संच गंजून जखडत चालल्याची ती खूण असते.

या दणक्यांचा त्रास फक्त चालकाला होत नाही. द्राक्षे, टोमॅटो यांसारखा नाजूक माल कंपनांमुळे एकमेकांवर घासून डागाळतो. रचलेल्या क्रेटपैकी सर्वांत वरच्या थरातील फळांना सहसा जास्त इजा होते, कारण कंपने थरागणिक वाढत वर जातात. शेतातून बाजार समितीपर्यंतच्या वाटेवर मालाचा भाव टिकवण्यातही सस्पेन्शनचा हात असतो, तो असा.

तपासणी आणि कमी खर्चाच्या सुधारणा : पहिले काम टायरमधील हवा पाहण्याचे. भरलेल्या गाडीसाठी सांगितलेला दाब रिकामी गाडी चालवतानाही तसाच ठेवला, तर टायर दगडासारखा वागतो. दोन्ही स्थितींसाठीचे दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर दिलेले असतात, आणि दाब मोजायचा तो टायर थंड असताना. माल भरण्यापूर्वी हवा पुन्हा वाढवणे अत्यावश्यक असते. कमी हवेवर ओझे वाहिल्यास टायर तापून फुटतो.

त्यानंतर बुश आणि शॅकल पाहावेत. शॅकलची पिन गंजून अडकली, तर पाट्याला लांबायला जागा उरत नाही आणि चांगला पाटाही ताठ होतो. नवे रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच अखेरचा आवळ द्यावा. तसे न केल्यास रबर कायम पिळलेले राहते, गाडी कडक लागते आणि बुश लवकर फाटतो. पाट्यांचा संच सोडवून गंज खरवडणे, ग्रीस लावणे आणि टोकांवरच्या झिजलेल्या नायलॉन चकत्या बदलणे, एवढ्यानेही जुन्या गाडीत स्पष्ट फरक पडतो. संच सोडवल्यावर सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा गेला आहे का, हे पाहावे. पाटा बहुधा तिथेच तुटतो.

शॉकॲब्सॉर्बर : गॅरेजच्या बोलीतला हा शॉकप भार पेलत नाही, तो स्प्रिंगचे झोके शमवतो. स्प्रिंग दबताना त्याचा विरोध कमी असतो आणि ती उसळून परतताना जास्त. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडल्यावर ती एक-दोन झोक्यांत थांबली नाही, किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकॲब्सॉर्बर संपला असे समजावे. खराब रस्त्यावर सतत चालल्याने आतले तेल तापते, त्याला फेस येतो आणि विरोध घटतो. नायट्रोजन वायू भरलेल्या प्रकारात हा फेस आटोक्यात राहतो. एका आसावरचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर एकदम बदलावेत. गरजेपेक्षा कडक प्रकार निवडल्यास लहान धक्के अधिकच जाणवतात.

पाट्यांतील बदल : पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटर जाडीचा पाटा सुमारे ४२ टक्के अधिक ताठ होतो, तर लांबी १० टक्क्यांनी वाढवली की ताठपणा सुमारे २५ टक्क्यांनी उतरतो. म्हणून थोड्या, लांब आणि टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पाट्यांचा पॅराबोलिक संच अधिक मऊ चालतो. त्यातील पाट्यांमध्ये फट असल्याने घर्षण कमी होते, मात्र झोके शमवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरवर जास्त पडते. द्विस्तरीय संचात रिकामी गाडी मऊ पाट्यांवर चालते आणि भार वाढल्यावर खालचा ताठ हेल्पर पाटा कामाला लागतो. दोन्ही स्थितींना न्याय देणारी ही जुनी आणि भरवशाची योजना आहे.

संचातून एखादा पाटा काढून टाकण्याची पद्धतही दिसते. गाडी नेहमी हलकेच ओझे वाहत असेल, तर त्याने आराम वाढतो. पण उरलेल्या पाट्यांवरचा ताण वाढतो आणि गाडीची भार पेलण्याची क्षमता घटते. पूर्ण भार वाहणाऱ्या गाडीत असे केल्यास पाटा तुटून आस जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

हवेचे फुगे : चासी आणि आस यांच्यामध्ये बसवलेले रबरी फुगे भारानुसार हवा कमी-जास्त करून ताठपणा बदलू देतात. पाटे न बदलता फुगे जोडले, तर रिकामी गाडी मऊ होत नाही, कारण फुगा ताठपणात भरच घालतो. मऊ पाटे आणि अधूनमधून येणाऱ्या भारासाठी फुगे, अशी जोडी मात्र उपयोगी पडते. दोन्ही फुग्यांच्या हवेच्या नळ्या स्वतंत्र ठेवाव्यात. एकाच नळीने ते जोडले, तर वळणावर दबलेल्या फुग्यातील हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी झुकते. रिकाम्या गाडीतही फुग्यात थोडी हवा राखावी लागते, नाहीतर रबर दुमडून चिरडते.

सुरक्षितता आणि मर्यादा : अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा भारदर्शी वाल्व असतो. आस आणि चासी यांच्यातील अंतरावरून तो भार ओळखतो. पाटे किंवा फुग्यांनी गाडी मागून उचलली गेली, की वाल्वला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून उंची बदलल्यावर वाल्वची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. जादा पाटे घातल्याने गाडीचे नोंदणीपत्रातील कमाल वजन वाढत नाही, कारण आस, ब्रेक, टायर आणि चासी यांची क्षमता आहे तेवढीच राहते. नोंदणीपत्रातील तपशिलांशी न जुळणाऱ्या फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत.

काम पूर्ण झाल्यावर गाडी रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वेळा ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहावी. नवे पाटे काहीसे बसतात आणि त्यांच्यासोबत यू-बोल्टही ढिले होतात. त्यामुळे काही शे किलोमीटर चालल्यावर त्यांचा आवळ ठरवून दिलेल्या मापाने पुन्हा तपासल्यावरच हे काम संपते.