मेस्नाची कुळकथा

आयफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचं सलाइन लावायचं ठरलं की केस पेपरवर मेस्ना लिहिलेलं असतंच. नेहमीची रीत अशी: आयफॉस्फामाइडच्या मात्रेच्या 20 टक्के मेस्ना सुरुवातीला, तितकंच 4 तासांनी, तितकंच पुन्हा 8 तासांनी. मेस्ना कॅन्सरला मारत नाही, ते मूत्राशय राखतं. पण त्याचं कूळ शोधायला गेलं तर बापाच्या बाजूनं महायुद्धापर्यंत जावं लागतं, आणि आजोळ निघतं यीस्टमध्ये.

बापाकडची हकीकत आधी. विषारी वायूंवरच्या संशोधनातून पुढे आलेलं नायट्रोजन मस्टर्ड 1942 साली येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकारानं लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं. गाठी विरघळल्या, पण अस्थिमज्जाही होरपळली. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे 1946 मध्ये छापून आलं. पुढे जर्मनीत अस्टा कंपनीतल्या नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की मस्टर्ड बांधून शरीरात सोडायचं, म्हणजे गाठीतली एन्झाइम्स ते तिथेच मोकळं करतील. 1958 साली पुढे आलेलं सायक्लोफॉस्फामाइड याच विचारातलं. अंदाज चुकला, कारण औषध जागं होतं ते यकृतात. तरी ते इतकं गुणाचं निघालं की आजही वापरात आहे. आयफॉस्फामाइड त्याचं धाकटं भावंड.

यकृतात ही औषधं जागी होताना ॲक्रोलीनही तयार होतं. कढईतलं तेल धुरावलं की डोळे चुरचुरतात, त्या धुरातलंच हे रसायन. ते लघवीत उतरतं, मूत्राशयात थांबतं आणि आतलं अस्तर जाळतं. लघवी लाल होते, रक्ताच्या गुठळ्यांनी वाट तुंबते. मेस्नाच्या आधी भरपूर पाणी आणि सलाइन देऊन लघवी वाहती ठेवायची, एवढाच काय तो आधार होता. आयफॉस्फामाइडची मात्रा वाढवू म्हटलं की मूत्राशय आडवं यायचं. या दाहाचं मूळ ॲक्रोलीन आहे, हे पी. जे. कॉक्स यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं.

उतारा होता गंधकात. 1888 साली फ्रान्समधल्या रे-पायाद यांना यीस्टच्या अर्कात गंधकाशी लगेच सलगी करणारा एक पदार्थ आढळला. 1921 मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी तो वेगळा काढून त्याला ग्लुटाथायोन म्हटलं. तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. मधल्या सिस्टीनवरचा गंधक ॲक्रोलीनसारख्या रसायनांना पकडून निकामी करतो. लघवीत मात्र ग्लुटाथायोन नसल्यात जमा, म्हणून मूत्राशय उघडं पडतं.

मग गंधकाचं कुठलंही औषध रक्तात सोडून का चालू नये? कारण गाठीतल्या पेशीही ग्लुटाथायोन बाळगून असतात, आणि काही पेशी त्याच्याच जोरावर मेल्फालानसारखं केमोचं औषध पचवतात. ढाल सरसकट वाटली तर ती शत्रूच्याही हाती जाते. केमो चालू असताना काळजीपोटी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून देणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी शेजारी बसून समजावायला हवं असं मला फार वाटतं.

ब्रॉक यांच्या गटानं निवडलेलं मेस्ना हा गंधकाचा साधासा रेणू. कफ पातळ करायला तो आधीपासून वापरात होता. त्याची खुबी रक्तात दिसते. तिथे पोचताच मेस्नाचे दोन-दोन रेणू गंधकानं गंधकाला धरून जोडले जातात. हे डायमेस्ना निष्क्रिय असतं आणि पेशींत फारसं शिरत नाही, त्यामुळे गाठीवरचा मारा कमी होत नाही. मूत्रपिंडात ते गाळलं जातं, नलिकांच्या पेशी ते आत घेतात आणि तिथलं ग्लुटाथायोन ती जोडी पुन्हा सोडवतं. मोकळं झालेलं मेस्ना लघवीत येतं आणि ॲक्रोलीनला धरतं. आजोळचा माणूस नेमका दारात उभा! मेस्ना शरीरातून आयफॉस्फामाइडच्या आधी निघून जातं, म्हणून 4 आणि 8 तासांच्या मात्रा चुकवायच्या नसतात. तोंडानं द्यायचं झालं तर गंधकाचा वास झाकायला ते कोलात किंवा फळांच्या रसात मिसळतात.

अमेरिकेत 1988 साली आयफॉस्फामाइड आणि मेस्ना दोन्हींना मान्यता मिळाली. पण ॲक्रोलीनखेरीज आयफॉस्फामाइडपासून क्लोरोॲसिटाल्डिहाइडही तयार होतं. त्यानं मूत्रपिंडाच्या नलिका बिघडतात, कधी रुग्णाला भ्रम होतो. तिथे मेस्नाचा उपयोग होत नाही. म्हणून आयफॉस्फामाइडवर असलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं, आणि तो असंबद्ध बोलू लागला तर डॉक्टरांना तेव्हाच्या तेव्हा कळवावं लागतं.