धुऱ्यावर उभं राहताना



दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरून भांडण पेटलं की काय होतं, हे मेडशीत आपल्याला कुणी सांगायला नको. ओरडणारे पुष्कळ, बघणारे त्याहून जास्त. मध्ये जाऊन उभं राहणारं एखादंच. आणि जो मध्ये पडतो, त्याला दोन्हीकडची बोलणी खावी लागतात. आज आपण अशाच मध्ये पडण्याची गोष्ट ऐकूया. फक्त हा धुरा देशादेशांमधला आहे.

आपल्या राज्यघटनेच्या ५१व्या कलमात लिहिलं आहे की, आपल्या देशाने जगात शांतता वाढवण्यासाठी झटावं आणि देशादेशांतले तंटे लवादाने मिटावेत म्हणून उत्तेजन द्यावं. लिहिणं सोपं असतं. घटना लागू होऊन पाच महिनेही झाले नव्हते, तोच जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं. भारताने लढणारी फौज पाठवली नाही, जखमींवर उपचार करणारं लष्करी वैद्यकीय पथक पाठवलं.

१९५३ साली युद्ध थांबलं, पण कैद्यांचा प्रश्न उरला. सुमारे २२ हजार चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना चालेल असा राखणदार हवा होता. ते काम भारताकडे आलं आणि राखणदार दलाचे प्रमुख झाले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचं सरकार आपल्या जमिनीवर भारतीय जवानांना पाय ठेवू द्यायला तयार नव्हतं. म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट छावणीत उतरवलं. त्या छावणीचं नाव हिंदनगर.

सप्टेंबर महिन्यात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात ओढून ओलीस धरलं. बाहेर बंदुका होत्या. थोरात मात्र मोजक्या साथीदारांसह, हत्यार न घेता, खवळलेल्या कैद्यांत गेले आणि बोलून-समजावून त्या मेजरला सोडवून आणलं. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच होईल. पुढच्याच काही दिवसांत छावणीत दंगा झाला, आपल्या जवानांनी गोळ्या झाडल्या आणि काही कैदी मेले. मनात शांतता असूनही हातून असं घडतं. शेवटी ८८ कैद्यांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं. त्यांना आपलं दल बरोबर घेऊन भारतात आलं.

तेव्हापासून आजवर अडीच लाखांहून जास्त भारतीय अशा मोहिमांवर जाऊन आले. दीडशेहून जास्त परतलेच नाहीत. त्यांच्याही घरी कुणी आई, कुणी बायको वाट बघत होती.

२००७ साली आफ्रिकेतल्या लायबेरियात भारताने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांचं पथक पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातलं महिलांचं हे पहिलं पोलीस पथक. जिथे युद्धात बायकांवर अत्याचार झाले होते, तिथे गणवेशातल्या बाया रात्रीची गस्त घालू लागल्या. त्यांना बघून तिथल्या मुलीही पोलिसात भरती होऊ लागल्या.

आणि त्याच सुमारास काँगोत आपल्याच तुकडीतल्या काही जणांवर तिथल्या बायकांशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. आपल्या लष्कराला चौकशी बसवावी लागली. हे सांगताना मान खाली जाते, पण लपवून कसं चालेल? राखणदारच भरवशाचा नसेल तर दाद कुणाकडे मागायची?

म्हणून आम्हाला वाटतं, देशाची किंमत किती जवान पाठवले यावर ठरत नाही. ज्यांच्या जिवाची राखण आपल्याकडे दिली, ते आपल्या हाती सुरक्षित राहिले का, यावर ती ठरते. गावालाही हेच माप लागू आहे. तंटामुक्तीची पाटी वेशीवर लागते, पण रात्री मार खाऊन एखादी बाई आपल्या दारात आली, तर दार उघडणारी कोण? येत्या बैठकीत हिशेबाची वही मिटण्याआधी याचं उत्तर ठरवूया.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.