मामांची वही आणि नाल्यातलं गरम पाणी

मुंबई-नागपूर रस्त्यावर मलकापूर सोडलं की नांदुऱ्याच्या आधी वडनेर भोलजी लागतं. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला 53 म्हणतात. बहुतेकांनी हे गाव फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. माझं मात्र ते मामाचं गाव.

मोठे मामा पारसच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर होते. 2003 साली रिटायर झाले आणि गावी परतले. शेती भावाकडे, मुलं पुण्यात, मग करायचं काय? पहिले सहा महिने त्यांनी घरातली मोटर, पंखे आणि मामीचा मिक्सर उघडून पाहिला. मग मामीनेच त्यांना बाहेर पिटाळलं. :-)

आसपास जिनिंग, डाळ मिल, सरकीच्या तेलाच्या छोट्या गिरण्या. मामा एका तेलाच्या गिरणीत नुसते बघायला गेले. बॉयलर चालू, पऱ्हाटी आणि भुसा भसाभस जळतोय, आणि मागच्या पाइपातून वाफाळतं पाणी थेट नाल्यात. मामांना राहवलं नाही. शेठला म्हणाले, हे पाणी वाया घालवू नका, मी सांगतो काय करायचं.

शेठचा पहिला प्रश्न : "तुमी बोर्डाकून आले का?"

"नाही."

"मंग काई इकाचं हाय?"

"नाही."

"मंग तुमाले काय भेटते याच्यात?"

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मामांना देता आलं नाही. गेले दोन वीकएंड मी याच प्रश्नामागचा इतिहास वाचत बसलोय, म्हणून हा लेख.

तर, निवृत्त माणसांचं डोकं फुकट वापरायला द्यायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1964 साली 'स्कोअर' नावाची संस्था निघाली. निवृत्त व्यवस्थापकांनी छोट्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायचा, फी नाही. हॉलंडने 1978 मध्ये 'पम' काढली, जर्मनीने 1983 मध्ये बॉनला 'एसईएस'. यांचे निवृत्त तज्ज्ञ परदेशात जाऊन काही आठवडे राहतात आणि पगार घेत नाहीत. पण तोवर यात प्रदूषणाचा विषय मुख्य नव्हता.

तो आला दुसऱ्या वाटेने. 1975 साली 'थ्रीएम' कंपनीने एक कार्यक्रम सुरू केला. प्रदूषण धुराड्यापाशी अडवण्यापेक्षा ते मुळात तयारच होऊ न देणं स्वस्त पडतं, असा त्याचा गाभा. आपल्या भाषेत सांगायचं तर बग टेस्टिंगमध्ये पकडण्यापेक्षा डिझाइनमध्येच टाळा! हे पटल्यावर प्रश्न आला की छोट्या कारखान्यात जाऊन हे दाखवणार कोण? सल्लागार महाग. सरकारी इन्स्पेक्टर दारात आला की मालक आधी फाटक लावतो. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टेनेसी विद्यापीठाने आणि नव्वदच्या दशकात मिशिगन राज्याने निवृत्त इंजिनिअर गोळा केले. यातला मिशिगनचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अहवाल फक्त मालकाला मिळणार. तपासणी करणाऱ्या खात्याकडे त्यातलं काही जाणार नाही.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चं, म्हणजे केंद्राच्या 1974 च्या पाणी कायद्याच्याही आधीचं. पण मंडळाची नजर पाइपाच्या शेवटच्या टोकावर असते. बाहेर पडलेलं पाणी मर्यादेत आहे का, एवढंच ते बघतं. आत, यंत्रापाशी जाऊन बघायचा मोठा प्रयोग 1993-94 मध्ये झाला. राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना यांनी मिळून 'डिझायर' प्रकल्प केला. कागद, कापड रंगाई आणि कीटकनाशकांच्या छोट्या कारखान्यांत तो चालला. निष्कर्ष साधा होता. वाया जाणाऱ्या मालापैकी बराचसा किरकोळ खर्चात वाचतो. गळती थांबवा, मोजून वापरा, गरम पाणी परत घ्या. पुढे याच विचारातून एकाच धंद्यातल्या छोट्या कारखानदारांची 'वेस्ट मिनिमायझेशन सर्कल्स' निघाली. एकमेकांचे कारखाने बघायचे आणि एकमेकांकडून शिकायचं.

मामांनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. त्यांना बॉयलर ठाऊक होता, बस्स. त्यांचा हिशोब असा : बॉयलरमध्ये जाणारं पाणी 6 अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण 1 टक्का इंधन वाचतं. विहिरीचं 30 अंशाचं पाणी घालण्याऐवजी जॅकेटमधून निघणारं गरम पाणी मिसळलं आणि 60 अंशावर नेलं, तर इंधन 5 टक्के कमी. त्यासाठी लागते एक टाकी, थोडा पाइप आणि एक छोटा पंप. हवेच्या गळतीचंही तसंच. 7 बार दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचं भोक असलं तर कॉम्प्रेसरची सुमारे 3 किलोवॅट वीज फुकट जाते. वीस तास चालवलं तर दिवसाला 60 युनिट. मामा साबणाचं पाणी आणि दाढीचा ब्रश घेऊन लाइनभर फिरायचे. बुडबुडा दिसला की खडूने फुली!

शेठने टाकी बसवली. मग दुसऱ्या गिरणीतून बोलावणं आलं, मग एका जिनिंगमधून. मामांची वही भरत गेली.

पण एक पान मला अजून अस्वस्थ करतं. एका गिरणीत मामांना दिसलं की टाक्या धुतलेलं तेलकट पाणी रात्री नाल्यात सोडतात. नाल्याला लागून विहीर, आणि पाण्याला वास येतोय अशी तिथल्या बायकांची तक्रार. मालकाने मामांवर विश्वास टाकून सगळं दाखवलं होतं. मामा त्याला म्हणाले, "मी कोणाला सांगणार नाही. पण हे बंद झाल्याशिवाय मी तुझ्याकडे पाय ठेवणार नाही." दोन महिन्यांनी मालकाने तेल वर तरंगून वेगळं व्हावं म्हणून तीन कप्प्यांचं हौद बांधला आणि मामांना चहाला बोलावलं.

मी विचारलं, "मामा, ते दोन महिने त्या बायका कुठलं पाणी पीत होत्या?"

मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लांबच्या हँडपंपाचं. मी तक्रार केली असती तर नोटीस निघाली असती, पण त्यानंतर एकाही गिरणीवाल्याने मला आत घेतलं नसतं. बरोबर केलं की चूक, अजून ठरवलं नाही बाप्पा."

मला वाटतं, मिशिगनच्या त्या गुप्ततेच्या नियमाची खरी किंमत ही आहे. विश्वासाशिवाय फाटक उघडत नाही, आणि फाटकाच्या आतल्या माणसाला दिलेल्या शब्दाचा भार बाहेरच्याने उचलायचा असतो. म्हणून एकट्या मामांवर हे सोडणं बरोबर नाही. आत जाणारा निवृत्त इंजिनिअर हवा, आणि बाहेर विहिरीचं पाणी नियमित तपासणारं कुणीतरी वेगळंही हवं. दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घातली की दोन्ही बिघडतात.

आपण तिशी-चाळिशीतली मंडळी रिटायरमेंटचं प्लॅनिंग म्हणजे फक्त एसआयपी समजतो. तीस वर्षं शिकलेलं डोकं साठाव्या वर्षी कुठे लावायचं, याचा विचार कुणी करत नाही.

मामा आता ऐंशीचे आहेत. गुडघे दुखतात, गिरणीत जाणं बंद. दिवाळीत जाईन तेव्हा वहीची सगळी पानं स्कॅन करून आणणार आहे. आणि शेठच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही परत एकदा विचारणार आहे. मागच्या वेळी ते नुसते हसले होते.